संध्याकाळच्या विमानापर्यंत

गल्लीत त्यांना सगळे पडदेकाकू म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन होतं, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे होते आणि खिळ्यांना पितळी कड्यांच्या माळा लटकत होत्या. कुणाच्याही घरी गेल्या की काकूंची नजर माणसांआधी खिडकीकडे जायची. काकांची त्यावर ठरलेली थट्टा होती. आमच्या घरात आडपडदा म्हणून नाही, ते म्हणायचे, शिवून झाला की गिऱ्हाईक लगेच घेऊन जातं. पाहुणे हसायचे. काकूही हसायच्या, दरवेळी.

काका बर्फाच्या कारखान्यांची आणि शीतगृहांची यंत्रं बसवून देत. नोकरीतून मोकळे झाले तरी एका कारखान्याने त्यांना सोडलं नव्हतं. तो दूरच्या एका बेटावर होता, आणि तिथल्या मॅनेजरचं काकांशिवाय पान हलत नसे. वर्षातून एकदा काका आठवडाभर तिकडे जाऊन यायचे. मॅनेजरच्या बायकोला काकूंच्या हातचं लिंबाचं लोणचं फार आवडतं, म्हणून जाताना एक बरणी न्यायचे. त्या बरणीसाठी काकू लिंबं निवडून घ्यायच्या, पातळ सालीची, डाग नसलेली. परक्या बाईच्या तोंडी जायचं, तर नाव राखायला नको का.

या दोघांना एक मुलगी होती. सहा वर्षांपूर्वी तिने काकांनी लावून दिलेली नोकरी सोडली आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी लग्न केलं. माणूस वयाने बराच मोठा, आधीचं एक लग्न मोडलेला. काकांनी थोरल्या भावाला, वहिनीला, धाकट्या भावाला घरी बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आजपासून आम्हाला मुलगी नाही. या घरात तिचं नाव निघालं तर मी भरल्या ताटावरून उठेन. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

पुढे एकदाच तिचा फोन आला. पलीकडून नुसतं "आई" एवढं ऐकू आलं. समोरच्या खुर्चीत काका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण पानं उलटायची थांबली. काकूंनी फोन ठेवून दिला. त्या दिवशी काका जेवले नाहीत, आणि काकूंनी मनाशी धरलं की यांनाही तेवढंच लागतंय, फक्त बोलून दाखवत नाहीत. मग फोनचा नंबर बदलला. फोटो ट्रंकेत गेले. मुलगी कुठल्या गावी आहे, कशी आहे, काही कळलं नाही. काकूंनी विचारलंही नाही. विचारलं असतं तर यांच्या जखमेवरची खपली निघाली असती. काका घरात हसेनासे झाले होते, जेवताना एक शब्द बोलत नसत. नवऱ्याचं दुःख आपल्यापेक्षा मोठं आहे असं समजून काकूंनी स्वतःचं गिळलं. मशीन चालू असलं की रडल्याचा आवाज बाहेर जात नाही, हे त्यांना त्या वर्षी कळलं.

अशी सहा वर्षं गेली. मग परदेशी राहणाऱ्या नणंदेच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. तिला घरात कुणीतरी हवं होतं. तिने दोघांची तिकिटं काढून पाठवली. विमान मध्ये बदलायचं होतं, ते नेमकं त्या बेटावर. सकाळी उतरायचं आणि संध्याकाळी पुढच्या विमानात बसायचं. तिकिटं पाहिल्यापासून काकांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एवढा वेळ तिथे सडायचं कशाला, दुसऱ्या वाटेने जाऊ, असं त्यांनी बहिणीला फोन करून सांगितलं. ती बधली नाही. काकूंना वाटलं, बहिणीच्या काळजीने असं होतंय.

काकूंना स्वतःला मात्र आनंद झाला होता. समुद्र त्यांनी आयुष्यात जवळून पाहिला नव्हता. एक दिवस तर एक दिवस. पाण्यात पाय घालायचे, कधी न पाहिलेलं एखादं फळ खायचं, असतं म्हणतात ते दीपगृह बघायचं. गिऱ्हाइकांना पडदे देताना त्या हे सगळं सांगत होत्या आणि गिऱ्हाइकं आणखी भर घालत होती.

बेटावर उतरल्या उतरल्या तोंडावर वाफ आली, ओल्या कापडावर गरम इस्त्री ठेवल्यावर येते तशी. विमानतळाजवळच्या एका लॉजवर काकांनी खोली घेतली. बॅगा ठेवून ते पाणीसुद्धा न पिता उभे राहिले. मॅनेजरला आपण येतोय हे कळलंय, यंत्र अडलंय, जाऊन येतो, दुपार होईल, असं म्हणाले. तू पड जरा, तुझे गुडघे सुजलेत. बाहेर जाऊ नकोस. इथलं ऊन तुला सोसायचं नाही, आणि टॅक्सीवाले नवख्या माणसाला बेटाला वळसा घालून शेजारच्या दारात सोडतात. काकू बरं म्हणाल्या. काका लहान बॅग घेऊन गेले.

काकू पलंगावर बसल्या. खिडकीचा पडदा खाली वीतभर कमी पडत होता आणि कड्या एकाआड एक ओवल्या होत्या. पडदा सारून त्यांनी बाहेर पाहिलं. पाण्याच्या दोन टाक्यांच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसत होती, कापडाच्या काठासारखी. एवढ्या लांब येऊन टाक्या बघून परत जायचं? काकूंनी थोडा वेळ स्वतःशी वाद घातला आणि चपला घातल्या.

फाटकाशी एक जाडजूड बाई ओल्या फडक्याने टॅक्सीची काच पुसत होती. वयाने काकूंच्याच बरोबरीची. मधल्या वेळेत उतरलेल्या प्रवाशांना बेट दाखवणं हाच तिचा धंदा होता. किती वेळ हाताशी आहे, तिने विचारलं. काकू म्हणाल्या, संध्याकाळच्या विमानापर्यंत.

"मग पुष्कळ झाला, ताई," टॅक्सीवाली म्हणाली. "बेट ते केवढं. माझा नवरा इथे घोरला की पलीकडच्या किनाऱ्यावरचे लोक कूस बदलतात."

काकू पुढच्या सीटवर बसल्या. आधी समुद्र, त्यांनी सांगितलं. टॅक्सीवालीने एका कडेच्या, रिकाम्या वाळूवर गाडी नेली. काकूंनी कपडे घोट्याच्या वर धरले आणि पाण्यात उभ्या राहिल्या. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेत होती आणि तोल जात होता. त्या एकट्याच मोठ्याने हसल्या आणि मग कुणी ऐकलं का म्हणून मागे वळून पाहिलं. टॅक्सीवाली झाडाखाली बसून पाठमोरी शेंगा खात होती. बाजारात त्यांनी जांभळ्या गराचं एक फळ खाल्लं. चव पपईच्या आणि काकडीच्या मधली, काही खास नाही, पण खाल्लं. दीपगृहाच्या पायऱ्या निम्म्यापर्यंत चढल्या आणि गुडघ्यांचं ऐकून उतरल्या. निम्म्यावरूनही समुद्र पुष्कळ दिसला.

गाडीत परत बसल्यावर त्यांना काकांची आठवण झाली. आपण इकडे मजा करतोय आणि तो माणूस यंत्राच्या खोलीत घामाने भिजत असेल. त्यांना वाटलं, बर्फाच्या कारखान्यावरूनच जाऊ. त्यांना गाठू, दचकतील, रागावतील, मग कुठेतरी बसून दोघं जेवू. त्यांनी टॅक्सीवालीला तसं सांगितलं.

"बर्फाचा कारखाना?" टॅक्सीवाली म्हणाली. "तो बंद पडून तीन वर्षं झाली की."

दुसरा असेल, काकू म्हणाल्या. दुसरा नव्हता. खात्री करून घ्यायला त्या तिकडे गेल्या. फाटकाला गंजलेली साखळी होती, आत कमरेएवढं गवत, भिंतीवर बर्फावर ठेवलेल्या माशाचं पुसट झालेलं चित्र. काकूंना पहिल्यांदा काय वाटलं, तर काकांना कुणीतरी फसवलं. खोटंच बोलावून घेतलं, आणि आता ते उन्हात कुठेतरी भटकत असतील. त्या घाबरल्या. आमचे यजमान कुठे दिसले का, वाटेत कुणाला विचारू या, असं म्हणून त्या वर्णन सांगू लागल्या. उंच, थोडे वाकून चालणारे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक चालणारं आणि एक नुसतंच.

टॅक्सीवालीने स्टीअरिंगवरचा हात काढला. "बर्फवाले काका?"

हो, काकू म्हणाल्या, त्यांना जीवात जीव आल्यासारखं झालं.

"ते तर सकाळीच वर गेले, लेकीकडे. दरवर्षी माझ्याच गाडीने जातात, आज माझ्या भावाला मिळाले. लेक दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर असते. आज आबा येणार म्हणून नातीने सगळ्या दवाखान्याला सांगून ठेवलंय." मग तिने काकूंकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्यांच्या मिसेस? म्हणजे तिची सावत्र आई का?"

"सख्खी," काकू म्हणाल्या.

गवतात कुठेतरी शेळी ओरडत होती. सावत्र का म्हणाली ही, एवढाच प्रश्न काकूंच्या डोक्यात फिरत राहिला. मग टॅक्सीवालीने हळूच विचारलं, वर सोडू का? काकूंनी मान हलवली.

घर टेकडीवर होतं, हिरव्या पत्र्याचं, मागे केळी, पुढे ओटा. टॅक्सीवालीने गाडी जरा खालीच थांबवली. काकू चढून गेल्या. खिडक्यांना पडदे नव्हते. जुन्या चादरी चिमट्यांनी अडकवल्या होत्या.

ओट्यावर बुटक्या स्टुलावर काका बसले होते. तीन-साडेतीन वर्षांची एक मुलगी त्यांच्या मागे उभी राहून त्यांच्या विरळ केसांत रंगीत क्लिपा लावत होती. क्लिप घसरली की ती कपाळाला हात लावायची आणि काका हसायचे. तोंड उघडून, डोळे मिटून, खांदे हलवत. हे हसू काकूंनी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. ते संपलं असं त्यांनी धरलं होतं. ते संपलं नव्हतं. घरी आणलं जात नव्हतं, एवढंच.

काकांनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा उतरला. ते उठले, क्लिपांसकट. तेवढ्यात आतून काकूंची मुलगी बाहेर आली, हातात कापलेल्या फळांची ताटली. अंगाने भरली होती, केस आखूड केले होते. काकूंना वाटलं, आता ही ताटली टाकून धावत येईल. ती जागची हलली नाही.

"आलात?" ती म्हणाली. "बसा."

आईला ती जन्मापासून अगं-तुगं करत आली होती. त्या एका 'बसा'ने काकू खरंच बसल्या, ओट्याच्या कडेला, परक्या माणसासारख्या. काकांनी बोलायला सुरुवात केली. अगं, मी तुला सांगणारच होतो, विमानातच सांगणार होतो, पण तुझा डोळा लागला. काकूंनी त्यांच्याकडे न बघता पाणी मागितलं. मुलगी आत गेली, आणि काकू उठून तिच्या मागे गेल्या.

स्वयंपाकघरातल्या फळीवर त्यांची बरणी होती, निळ्या झाकणाची. गेल्या वर्षीची. तळाला चार फोडी उरल्या होत्या.

काकूंनी बरणी हातात घेतलेली पाहून मुलीचा आवाज कडक झाला. "आता बाबांना त्यावरून बोलू नकोस. तुझ्या नकळत काढून आणतात ते. तुला कळलं तर तू बरणी फोडशील म्हणाले होते."

मी फोडीन, काकूंनी स्वतःशीच म्हणून पाहिलं. डागाशिवायची लिंबं शोधत बाजारभर हिंडणाऱ्या स्वतःला त्यांनी आठवलं. मग त्यांनी विचारलं, "तुला आणखी काय काय सांगितलंय यांनी?"

मुलीला वाटलं आई उलटतपासणी घेतेय. ती चिडली, आणि चिडून तिने सगळं सांगितलं. की आईने माझ्या नावाने अंघोळ केली. माझे कपडे वाटून टाकले. फोनवर माझा आवाज ऐकून फोन आपटला, हे तर मला स्वतःलाच माहीत आहे. बाबा दरवर्षी हातापाया पडतात आणि आई भिंतीकडे तोंड करून झोपते. म्हणून बिचारे कामाचं निमित्त काढून लपून येतात. हिच्या जन्माच्या वेळी मला दुसऱ्या दिवसापर्यंत कळा चालू होत्या. आईला काही करून आण, असा बाबांना निरोप दिला होता.

"तू काय कळवलंस ते लक्षात आहे तुझ्या?" ती म्हणाली. "पडद्यांची मोठी ऑर्डर आहे म्हणून."

काकूंनी बरणी फळीवर ठेवली, होती त्याच जागी. त्या बाहेर आल्या. काका ओट्याच्या टोकाशी उभे होते. नात त्यांचा सदरा ओढत होती.

"तुम्ही सांगा," काकू म्हणाल्या. "मी सांगितलं तर तिला वाटेल बनवून सांगतेय. तुमच्या तोंडून ऐकू दे."

काकांनी आधी टाळून पाहिलं. विमानाची वेळ होईल, म्हणाले. लहान मुलीसमोर नको, म्हणाले. मुलीने लहानीला आत नेऊन बसवलं आणि दारात येऊन उभी राहिली. तेव्हा काका बोलायला लागले, अडखळत, कुणाकडेच न बघता. नाव काढायचं नाही हे त्यांनीच ठरवलं होतं. काकूंना विचारलं नव्हतं. दुसऱ्याच वर्षी बेटावरच्या धक्क्यावर इंजिनावर वाकलेला जावई दिसला, त्याने ओळखलं, घरी नेलं. मुलीला पाहिलं आणि राग कुठल्या कुठे गेला. पण सगळ्या भावांसमोर एवढं बोलून बसलो होतो, आता शब्द फिरवायचा कसा. हिला सांगितलं असतं तर ही दुसऱ्या दिवशी इथे आली असती आणि चार लोकांना कळलं असतं. आणि आई का येत नाही असं मुलीने विचारलं, तर काहीतरी सांगणं भाग होतं. एकदा सांगितलं, मग दरवर्षी त्याला धरून दुसरं सांगावं लागलं. निरोप त्यांनी पोचवलाच नव्हता.

"म्हणजे आईला माहीतच नव्हतं," मुलगी म्हणाली. "हिच्या जन्माचं?"

काकांनी लहानीने ओढलेला सदरा सारखा केला.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. त्या म्हणाल्या, "मला वाटत होतं, आपण दोघंही उपाशी आहोत. म्हणून मी कधी मागितलं नाही. आणि तुम्ही बाहेरून जेवून येत होतात."

इथे मुलगी येऊन आईच्या गळ्यात पडली असती तर गोष्ट सोपी झाली असती. पण तिचंही आत्ताच काहीतरी हातचं गेलं होतं. सहा वर्षांत तिच्याकडे आपलं म्हणून येणारं एकच माणूस होतं, आणि ते असं निघालं. ती काकांकडे बघेना, आणि आईकडेही बघवेना. शेवटी ती आईलाच म्हणाली, "ते नको म्हणाले आणि तू ऐकलंस. तुला पाय नव्हते?"

होते, त्या म्हणाल्या. एवढंच.

मग त्यांनी काकांना लॉजवर जायला सांगितलं. मला विमानापर्यंत माझ्या मुलीजवळ बसू दे. काका म्हणाले, मी तिचा बाप आहे, मीही वर्षाने आलोय.

"तुमची सगळी वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "माझी ही दुपार आहे."

काकांनी मुलीकडे पाहिलं. ती आत निघून गेली होती. टेकडी उतरताना त्यांच्या केसांत अजून एक लाल क्लिप होती. ती काढायला कुणी सांगितलं नाही.

ती दुपार काही गोड गेली नाही. मुलीने भात आणि मासे वाढले, दोघी समोरासमोर बसून जेवल्या आणि मीठ लागतंय का, एवढंच बोलणं झालं. लहानीने विचारलं, ही कोण? मुलगी थोडी थांबून म्हणाली, आबांच्या घरी राहते ती. काकूंनी ते ऐकून घेतलं. जेवण झाल्यावर हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून त्या उठून खिडक्या वितीने मोजायला लागल्या. मुलगी म्हणाली, काही गरज नाही, आमचं चाललंय. काकू बरं म्हणाल्या आणि मोजत राहिल्या. लहानी मागे मागे आली आणि तीही आपल्या इवल्या वितीने भिंत मोजायला लागली. तिची वीत मध्येच सुटायची. काकूंनी तिचं बोट धरून परत जागेवर लावलं. नातीचा हात हातात घेतला तो एवढाच, खिडकीच्या चौकटीवर.

जावई बोटीवर गेला होता, त्याची भेट झाली नाही. मुलगी हळूहळू बोलायला लागली. बाळंतपणाचं सांगितलं, दवाखान्यातल्या कामाचं सांगितलं, पण कोरड्या आवाजात, शेजारणीला सांगावं तसं. मध्येच थांबून तिने विचारलं, माझे कपडे खरंच वाटून टाकलेस का? काकू म्हणाल्या, ट्रंकेत आहेत, दरवर्षी ऊन दाखवते. मुलगी उठून मोरीवर गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली, आधीच घासलेली.

टॅक्सीवालीने खालून हॉर्न दिला. मुलगी ओट्यापर्यंत आली. पुढे आली नाही. परत जाताना विमान इथेच थांबतं ना, तिने विचारलं. थांबतं, काकू म्हणाल्या. बघू, मुलगी म्हणाली.

विमानतळावर काका बॅगा घेऊन एका बाकड्यावर बसले होते. काकू शेजारी न बसता समोर बसल्या. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, आता तुला सगळंच सांगतो, नंतर म्हणशील लपवलं. बहिणीला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तिने फोनमध्ये नातीचा फोटो पाहिला होता. तेव्हापासून मागे लागली होती, वहिनीला सांग म्हणून. तिकिटं मुद्दाम या वाटेची काढली तिने, मला कोंडीत पकडायला.

दर रविवारी नणंदेचा फोन यायचा. वहिनी, गुडघे कसे आहेत? वहिनी, जास्त वेळ मशीनवर बसू नका. काकू विश्वासाने सगळं सांगायच्या. तिला आपल्या मुलीचं लेकरू माहीत होतं आणि ती गुडघ्यांचं विचारत होती. काकूंना त्या क्षणी नवऱ्यापेक्षाही तिचा राग आला. पण ती बिचारी पलंगावर पडलेली, हे आठवून त्या विमानात बसल्या. काकांनी खिडकीची जागा देऊ केली. काकू कडेला बसल्या.

नणंदेचं त्यांनी सगळं केलं. उठवणं, बसवणं, अंघोळ. नणंद रडली, म्हणाली, तो माझा भाऊ आहे, मी काय करणार होते. काकू म्हणाल्या, पाठ वळव, पावडर लावते.

परतीच्या वाटेवर विमान बेटावर थांबलं. मुलगी लहानीला घेऊन विमानतळावर आली होती. काकांना तिने भेटायला नकार दिला. ते काचेच्या पलीकडे बसून राहिले, आणि लहानी त्यांच्याकडे हात करत होती तेव्हा मुलीने तिला थांबवलं नाही, पण नेलंही नाही. दोघींचं बोलणं या वेळी जरा सैल झालं. निघताना मुलगी म्हणाली, पुढच्या वेळी एकटी ये.

घरी आल्यावर काकूंनी काकांकडे एकच गोष्ट मागितली. ज्यांच्यासमोर मुलगी नाही म्हणून सांगितलंत, त्याच सगळ्यांना बोलवा आणि आहे म्हणून सांगा. काकांनी काही आठवडे आज-उद्या केलं. मग एका दुपारी थोरले दीर, जाऊबाई, धाकटे दीर सगळे आले. काका खुर्चीत बसले, घसा खाकरला आणि त्यांनी सांगितलं. मुलगी बेटावर आहे, सुखात आहे, नात आहे. मी रागावलो होतो खरा, पण बापाचं काळीज, शेवटी मीच माघार घेतली. गेली पाच वर्षं गुपचूप जाऊन तिचं बघून येत होतो. सांगताना त्यांचा आवाज भरून आला, आणि ते काही नाटक नव्हतं. धाकट्या दिरांनी डोळे पुसले. थोरले म्हणाले, मोठं मन लागतं याला. जाऊबाई चहाचा कप घेता घेता काकूंना म्हणाल्या, खरं सांगू, तुम्ही मात्र कठीण हो. सहा वर्षं पोटच्या पोरीचं तोंड पाहिलं नाहीत.

काकूंनी ट्रे खाली ठेवला.

"मी गेले नाही, कारण हे नको म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "आणि हे जात होते, ते मला माहीत नव्हतं. मुलीला यांनी सांगितलं होतं की मीच येत नाही."

थोरल्या दिरांनी घड्याळ पाहिलं. जाऊबाई म्हणाल्या, जाऊ दे, झालं गेलं, आता सगळं गोड झालं ना. मग बोलणं पावसावर आणि तिथून धाकट्यांच्या गाडीवर गेलं. कुणीही काकूंना पुढे एक प्रश्न विचारला नाही. जाताना सगळ्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला.

मंडळी गेल्यावर काका दाराशी उभे राहिले. ते खरोखरच दुखावले होते. "चारचौघांत असं बोलायची काय गरज होती?" ते म्हणाले. "मी सगळं नीट सांगत होतो."

काकू कप गोळा करत होत्या. त्यांनी माळ्यावरची सुटकेस काढून द्यायला सांगितली. काकांनी स्टूल आणलं, सुटकेस उतरवली, फडक्याने पुसली. किती दिवसांसाठी, त्यांनी विचारलं. अजून ठरवलं नाही, काकू म्हणाल्या, आणि विसळायला कप घेऊन आत गेल्या.